घरात कुत्र्याचं पिल्लू येणार आहे. बाल्कनीतली कोणती झाडं काढावी लागतील?

तुमच्या यादीत मनी प्लांट, कोरफड, सायकस, अडेनियम, तुळस, मोगरा आहे आणि खाली सोसायटीच्या कुंपणाला कण्हेर आहे. येणारं पिल्लू लॅब्राडोर, म्हणजे दिसेल ते तोंडात घालणार. पण म्हणून सगळ्या कुंड्या उचलायची गरज नाही. सायकस आणि अडेनियम पिल्लू यायच्या आधी कुणाला तरी देऊन टाका, मनी प्लांट वर टांगा आणि कण्हेरीच्या बाजूने फिरवताना पट्टा आखूड धरा.

माझी नर्सरी आहे आणि घरी कायम कुत्री असतात, त्यामुळे हा प्रश्न गिऱ्हाइकांकडून नेहमी येतो. बहुतेक जण नेटवरची एखादी यादी वाचून घाबरलेले असतात. त्या याद्यांमध्ये मनी प्लांट आणि कण्हेर या दोघांपुढे 'विषारी' एवढंच लिहिलेलं असतं. एकाने तोंडाची आग होते, दुसऱ्याने हृदय बंद पडू शकतं. हा फरक कळला की अर्धी भीती तिथेच जाते.

मनी प्लांट, डिफेनबाकिया, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, पीस लिली ही सगळी अळूची भावकी. कच्चं अळू घशाला का खाजतं? त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. या झाडांतही तेच. पिल्लाने पान चावलं की लगेच लाळ गळते, ते पंजाने तोंड घासतं, एखादी उलटी करतं. तोंड पाण्याने धुवा, चमचाभर साधं दही चाटवा. बहुतेक वेळा थोड्या वेळात निवळतं. जीभ किंवा ओठ सुजले, श्वासाला त्रास दिसला तर मात्र डॉक्टर. कोरफडीच्या सालीखाली पिवळा चीक असतो, त्याने जुलाब होतात. कुंडी कठड्यापाशी उंच ठेवली की झालं. तुळस, मोगरा, गुलाब, अरेका पाम, स्पायडर प्लांट यांची काळजी नको.

सायकस मात्र घरात नकोच. लोक त्याला पाम समजून दारात शोभेला ठेवतात. या झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि बी सगळ्यात जास्त. बिया फक्त मादी झाडाला आणि तेही बऱ्याच वर्षांनी येतात, त्यामुळे बाल्कनीतल्या कुंडीत त्या सहसा दिसत नाहीत. बंगल्याच्या किंवा रिसॉर्टच्या बागेत मात्र दिसतात. केशरी-लाल, सुपारीपेक्षा थोड्या मोठ्या, जमिनीवर घरंगळणाऱ्या. पिल्लाला त्याहून चांगलं खेळणं कोणतं? एकदोन बियाही जिवावर बेततात. यात फसगत अशी होते की पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग कुत्रं जरा बरं वाटायला लागतं, आणि दोन-तीन दिवसांनी यकृत निकामी व्हायला लागतं. हिरड्या आणि डोळे पिवळे दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. चावल्याचं पाहिलंत तर कुत्रं ठणठणीत दिसत असलं तरी त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखान्यात न्या.

कण्हेर, बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, आणि अडेनियम ही तिन्ही एकाच कुळातली आणि तिघांचंही विष हृदयावर चालतं. हायवेच्या दुभाजकावर कण्हेर लावतात त्याचं एक कारण हेच की गुरं तिला तोंड लावत नाहीत. कडू असते म्हणून कुत्रीही सहसा खात नाहीत, पण दात येणाऱ्या पिल्लाला चवीचं काही पडलेलं नसतं. वाळलेली पानं आणि छाटलेल्या फांद्याही तेवढ्याच वाईट, त्यामुळे माळ्याने कुंपण छाटलं की तो ढीग उचलेपर्यंत पिल्लू तिकडे नेऊ नका.

कोणत्याच यादीत न सापडणारी जागा म्हणजे देवघर. शनिवारी मारुतीला घातलेला रुईच्या पानांचा हार, महादेवाला वाहिलेला धोतरा, आणि गणपतीतली पत्री, जिच्यात कण्हेर, धोतरा, रुई तिन्ही असतात. हे सगळं दुसऱ्या दिवशी निर्माल्य म्हणून पिशवीत दाराशी येतं, वर पेढ्याचा कण आणि खोबरं चिकटलेलं. वासाने कुत्रं ती पिशवी फाडणारच. निर्माल्याला झाकणाचा डबा ठेवा.

आणि झाडापेक्षा मला जास्त धास्ती खताची वाटते. एरंडाच्या बियांमधलं रायसिन नावाचं विष तेलात उतरत नाही, ते मागे राहिलेल्या पेंडीत राहतं. म्हणून एरंडेल औषध आणि पेंड विष. एरंडीची पेंड सेंद्रिय खत म्हणून सर्रास विकली जाते, त्यात बोनमील म्हणजे हाडांचा चुरा मिसळला की कुत्र्याला ते जेवणच वाटतं. कुंडी उकरून खातात. तुमच्या घरात पेंडीची पिशवी असेल तर आधी ती बाहेर काढा, सायकस त्यानंतर. शेणखत, गांडूळखत वापरा, तेवढ्यावर बाल्कनीची झाडं छान चालतात. गोगलगायी मारायच्या गोळ्याही अशाच, त्यांनी कुत्र्याला थेट झटके येतात.

काही खाल्लंच, तर तोंडातलं बोट घालून काढा, खाल्लेल्या झाडाची फांदी पिशवीत घाला, किती वाजता आणि साधारण किती खाल्लं ते लक्षात ठेवा आणि निघा. निघताना डॉक्टरांना फोन करा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. शेजारीपाजारी हमखास सांगतील, पण त्याने रक्तातलं मीठ वाढून कुत्रं आणखी गंभीर होतं. उलटी करवायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील. दूध-तुपाने विष उतरत नाही, फक्त वेळ जातो.

पिल्लाला हिरवं चघळायची हौस असेलच, तर पसरट ट्रेमध्ये मूठभर गहू पेरा. आठ-दहा दिवसांत गवत येतं. बाजूला दुसरा ट्रे तयार ठेवा, कारण पहिला ट्रे लॅब्राडोर मातीसकट पालथा घालणार.