उतरत्या छताची किंमत

प्रश्न : चार दारांच्या कूपेत (मागे छत उतरत जाणाऱ्या गाडीत) दाराच्या काचेला बहुतेकदा चौकट नसते. मग पाणी आत कसं येत नाही? आणि मागे बसलं की डोकं छताला का लागतं?

उत्तर : मूठ ओढताच काच काही मिलिमीटर खाली सरकते, दार लागलं की वर चढून रबरात घट्ट बसते. मला ही रचना फार आवडते. मात्र रबर कडक झालं की वाऱ्याची शीळ ऐकू येते, म्हणून ते स्वच्छ ठेवा. डोक्याचं कारण उतरतं छत. १९६२च्या रोव्हर पी५ या ब्रिटिश गाडीच्या कूपेचं छत तिच्याच सेडानपेक्षा अडीच इंच खाली होतं. २००४मध्ये मर्सिडीझच्या सीएलएस या कूपेने ई-क्लास सेडानच्या पायावर छताची लांबलचक कमान केली. मागे रोज उंच माणसं बसणार असतील, तर सेडानच घ्या.