उन्हात टेनिस: घामावर विसंबू नका
खेळा बिनधास्त, फक्त पहिले १०-१४ दिवस वेळ हळूहळू वाढवा. शरीराला उन्हाची सवय व्हायला तेवढे लागतात.

- पोटरीत गोळे आले: थांबा, स्नायू ताणा, मीठ-साखरेचं पाणी प्या.
- चक्कर, मळमळ, डोकेदुखी: सामना सोडा, सावलीत आडवे व्हा. "हा गेम संपवतो" नको!
- स्कोअर विसरणं, असंबद्ध बोलणं, झोक जाणं: उष्माघातच समजा.

नवखे फसतात ते शेवटच्या लक्षणात. घाम येतोय म्हणजे धोका नाही, असं त्यांना वाटतं. पण खेळताना होणाऱ्या उष्माघातात घाम चालूच असू शकतो. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर गार पाणी ओतत राहा. शुद्ध हरपत असेल तर पाणी पाजू नका. गोंधळलेला खेळाडू "मी ठीक आहे" म्हणतोच, तेव्हा निर्णय समोरच्याने घ्यायचा.