इलेक्ट्रिक बाईकच्या मागच्या चाकातून घरघर आवाज येतोय, मोटर खरंच बदलावी लागेल का?

तुम्ही लिहिलंय की पावसाळ्यानंतर आवाज सुरू झाला, स्पीडबरोबर वाढतो आणि सर्व्हिस सेंटरवाल्याने एक राउंड मारून 'मोटर गेली' म्हणून सांगितलं. अजून पैसे भरू नका. माझ्या स्कूटरला सेम हेच झालेलं, 2021 च्या जुलैत कोल्हापुरात पूर आला तेव्हा आमच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं आणि गाडी रात्रभर अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात उभी होती, तेव्हा काहीच झालं नाही, चालली मस्त, दोनेक महिन्यांनी मागून जात्यावर दळण टाकल्यासारखा आवाज यायला लागला. मलाही नवीन मोटरचंच कोटेशन मिळालं. मग एका मित्राने उद्यमनगरातल्या एका रिवायंडिंगवाल्या मामांकडे नेलं, जे आयुष्यभर शेतीपंपाच्या मोटारी भरत आलेत, इलेक्ट्रिक गाडी त्यांनी त्याआधी उघडलेली पण नव्हती.

मामांनी गाडीला हात लावायच्या आधी एकच विचारलं, "ॲक्सिलरेटर सोडल्यावर पण येतो का?"

अर्धं निदान इथंच होतं. चालत्या गाडीचा ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा आणि ऐका. आवाज लगेच बंद झाला तर भानगड बहुतेक करंटच्या बाजूची, म्हणजे कंट्रोलर (मोटरला करंट देणारा डबा), फेज वायर (मोटरला करंट नेणाऱ्या तीन जाड वायरी) नाहीतर हॉल सेन्सर (चाक कुठं फिरलंय ते कंट्रोलरला कळवणारा मोटरमधला सेन्सर). चाक फिरतंय तोवर येतच राहिला तर भानगड लोखंडाची, म्हणजे बेअरिंग, ब्रेक नाहीतर काहीतरी घासतंय. काही गाड्यांत ॲक्सिलरेटर सोडला की रीजन लागतं, म्हणजे मोटरच ब्रेकसारखी गाडी अडवून बॅटरीत करंट परत पाठवते, आणि त्याचा वेगळाच गुणगुण आवाज येतो, त्यात गोंधळ होत असेल तर एमसीबी (बॅटरीचा मेन ब्रेकर) पाडून गाडी हाताने ढकलत न्या आणि ऐका.

लोखंडाची बाजू निघाली तर सेंटर स्टँडवर घ्या, एमसीबी बंदच ठेवा, चाक हाताने फिरवा. हब मोटरचं, म्हणजे मोटर चाकाच्या आतच असलेलं, चाक साध्या स्कूटरसारखं सुळकन फिरत नाही, आतल्या चुंबकांमुळे बारीक बारीक अडकत फिरतं, ते नॉर्मल आहे, त्याला घाबरू नका. टायरवर खडूची खूण करा. दर फेऱ्याला खूण एकाच जागी आली की आवाज येतो का? मग ड्रम वाकडा झालाय, टायरमध्ये खडा रुतलाय किंवा मडगार्ड घासतंय असलं काहीतरी. ब्रेकचा ॲडजस्टिंग नट चार आटे सैल करून परत फिरवा, आवाज गेला किंवा बदलला तर लायनरचा कचरा साठलाय, ड्रम उघडून साफ केला की झालं. पावसात रात्रभर उभ्या गाडीचा सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर आवाज येतो तो ड्रमवरच्या गंजाचा, तो आपोआप जातो.

ब्रेक सैल करूनही घरघर तशीच असेल तर बेअरिंग. मामांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एक्सलच्या नटावर टेकवलं, दांडा कानाला लावला आणि मला म्हणाले चाक फिरव. मग तोच माझ्या कानाला दिला. वायरच्या बाजूला चक्क वाळू चावल्यासारखं ऐकू येत होतं आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ शांत. दोन्ही हातांनी चाक धरून आडवं हलवलं तर किंचित खेळही लागला. कव्हर काढल्यावर आतून चहासारखं तांबूस पाणी निघालं, वाटीभर असेल, वायंडिंग म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळी मात्र शाबूत. बेअरिंगचा नंबर त्याच्यावरच कोरलेला असतो, 6202, 6203 असा काहीतरी, तोच नंबर घ्या पण झेडझेड म्हणजे पत्र्याच्या झाकणाचं न घेता टूआरएस म्हणजे रबरी सीलचं मागा. आणि दोन्ही बाजूंची बदला, एकच बदलून पैसे वाचवायला जाऊ नका. एकूण खर्च मजुरी धरून हजाराच्या आत झाला, कोटेशन होतं त्याच्यापुढे काहीच नाही.

कव्हर घरी मात्र उघडू नका, हे कळकळीने सांगतोय. आतलं चुंबक स्टेटरला (तारा गुंडाळलेल्या मधल्या लोखंडी भागाला) असं खेचून घेतं की मध्ये बोट सापडलं तर चेंदामेंदा, आणि हातोडी घातली तर चुंबक निखळतात, मग खरंच नवीन मोटर. पुलर, म्हणजे कव्हर ओढून काढायचं हत्यार, असलेल्या माणसाकडेच न्या.

करंटची बाजू निघाली तर आधी सीटखाली मोटरचा कनेक्टर बघा. तीन जाड वायरी असतात, बऱ्याच गाड्यांत पिवळी, हिरवी आणि निळी, त्यातली एखादी तापून कनेक्टर वितळलेला किंवा काळा पडलेला असतो, मग उठताना गाडी गुरगुरते आणि झटके देते. तिथं सगळं ठीक असेल तर एमसीबी पाडून, थोडा वेळ थांबून त्या तिन्ही वेगळ्या करा आणि चाक फिरवा. एकमेकींना टेकत नसताना चाक हलकं फिरायला पाहिजे आणि कुठल्याही दोन जोडल्या की जड. वेगळ्या असतानाही जडच असेल आणि ब्रेक-बेअरिंग ठीक असतील तर वायंडिंग शॉर्ट आहे. हॉल सेन्सरसाठी मल्टीमीटर लागतो, बारीक वायरींत लाल-काळ्यावर साधारण 5 व्होल्ट पाहिजेत आणि चाक हळूहळू फिरवलं की उरलेल्या तिघींवर व्होल्टेज वर-खाली झालं पाहिजे, एखादी हललीच नाही तर तो सेन्सर मेला. हे गाडी चालू ठेवून करायचंय म्हणून ॲक्सिलरेटरला कुणाचा हात लागू देऊ नका, घरात पोरं असतील तर आधी त्यांना पिटाळा.

एक आवाज मात्र आजच तपासा. निघताना एकदा 'कट्' आणि ब्रेक मारताना एकदा 'कट्' असं होतंय का? म्हणजे एक्सलचा नट सैल आहे. हब मोटरमध्ये एक्सल जागेवर धरून ठेवायचा असतो, तो फिरला तर वायरी पिळवटून तुटतात. तसं असेल तर नट आवळल्याशिवाय गाडी काढू नका.

बेअरिंग बदलून घेताना वायर एक्सलमध्ये शिरते तिथं सिलिकॉन भरून घ्या आणि वायरीला आधी खाली झोल देऊन मग वर वळवून आत जाऊ द्या, म्हणजे पाणी झोलावरूनच गळून पडतं. माझी त्यानंतरचे सगळे पावसाळे कोरडी आहे.