फिलाडेल्फियाला येण्याआधी: इथल्या एपिस्कोपल मंडळीतल्या कामाबद्दल

सलाम ताई,

तुम्ही अहिल्यानगरहून मिस्टरांच्या नोकरीपायी फिलाडेल्फियाला येताय, व्हिसा एच-४, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराचा आहे. तिकडे सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) महिला मंडळात वर्षानुवर्षं काम केलंय, तर इथल्या एपिस्कोपल चर्चमध्ये तसं काही करता येईल का, की रविवारी उपासना करून घरी यायचं, असा तुमचा प्रश्न. करता येईल, आणि लगेच. मंडळी, म्हणजे ज्या चर्चचं सभासद व्हायचं ते, मात्र पारखून घ्या.

इथे प्रभुभोजन घेता येईल का, याची काळजी नको. १९७० साली नागपुरात सीएनआय स्थापन झाली तेव्हा उत्तर भारतातले अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले लोक, तिच्यात आले, आणि एपिस्कोपल ही त्याच अँग्लिकन घराण्याची अमेरिकन शाखा. बाप्तिस्मा झालेला असला की पुरे. तुमची मंडळी जुन्या अमेरिकन मराठी मिशनची, म्हणजे साध्या उपासनेच्या परंपरेतली असेल तर इथली उठबस, झगे आणि मेणबत्त्या जरा जास्त वाटतील. एसपीजी या इंग्लंडच्या अँग्लिकन मिशनच्या मंडळ्यांतल्यांना सगळं ओळखीचं वाटतं.

आता काम. इथे मदतीचं काम आणि न्यायाचं काम यांच्या समित्या बहुधा वेगळ्या असतात, माणसंही बरीचशी वेगळी. फूड पॅन्ट्री म्हणजे कोरडा शिधा, सूप किचन म्हणजे शिजवलेलं जेवण, शिवाय थंडीचे कोट, मुलांची दप्तरं. याला हात लागतात. दुसऱ्या बाजूला घरभाडी, बंदुका, वंशभेद, स्थलांतरित यांवर आमदारांना पत्रं, मोर्चे, सभा. खरं सांगायचं तर कित्येक मंडळ्यांत ही दुसरी समिती म्हणजे पुस्तक वाचायचं, चर्चा करायची, कॉफी प्यायची आणि पुढच्या महिन्यात नवं पुस्तक. सुशिक्षित, सज्जन, बहुतेक निवृत्त गोरे लोक. त्यांच्या तळमळीबद्दल शंका नाही, पण शेजारच्या गल्लीतलं कुणी त्या खोलीत नसतं.

मोठं काम बघायचं तर न्यूयॉर्कला गेल्यावर चेल्सीतलं होली अपॉसल्स चर्च बघा. १९८२ पासून तिथे सूप किचन चालतं. १९९० साली आग लागली, आणि चर्च पुन्हा उभं राहिलं तेव्हा जुने बाक परत न बसवता तीच जागा जेवणासाठी वापरली जाऊ लागली. रविवारी वेदी, इतर दिवशी टेबलं. आपल्याकडे वेदीसमोर पंगत बसवायची म्हटलं तर मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीत काय होईल, तुम्हीच बघा.

तुमच्या या नव्या शहराचा, फिलाडेल्फियाचा इतिहास तर या बाबतीत फारच बोलका आहे. गुलामीत जन्मलेले अब्सालोम जोन्स यांनी १७९० च्या दशकात इथे सेंट थॉमस ही कृष्णवर्णीयांची मंडळी उभी केली आणि पुढे ते एपिस्कोपल चर्चचे पहिले कृष्णवर्णीय प्रीस्ट झाले. पण त्यांच्या मंडळीला धर्मप्रांताच्या अधिवेशनात प्रतिनिधी पाठवायला अनेक दशकं बंदी होती. प्रभुभोजनाला या, मत द्यायला येऊ नका. आपल्या नगरकडच्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. उत्तर फिलाडेल्फियातल्या चर्च ऑफ द अ‍ॅडव्होकेटमध्ये १९६८ साली ब्लॅक पॉवर या कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीची राष्ट्रीय परिषद भरली, आणि २९ जुलै १९७४ रोजी नियमाविरुद्ध अकरा स्त्रियांना प्रीस्टपदाची दीक्षा दिली गेली. चर्चने स्त्रियांच्या प्रीस्टपदाला अधिकृत मान्यता दिली ती १९७६ साली. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला १८८६ मध्ये पंडिता रमाबाई याच शहरात आल्या होत्या, आणि या चर्चच्या स्मरणदिनांत रमाबाईंचं नाव आहे. ओळख करून देताना हे सांगा, लोक खुर्ची ओढून जवळ बसतात.

मंडळी निवडताना वेबसाइटवरची घोषवाक्यं वाचून फसू नका. वार्षिक सभेचा अहवाल मागा, बहुतेक ठिकाणी ती जानेवारीच्या आसपास होते. इथे पाळक एकट्याने खर्च ठरवत नाही. निवडून आलेली व्हेस्ट्री, म्हणजे मंडळीची कार्यकारिणी, बजेट मंजूर करते. इमारतीच्या छपरावर किती आणि बाहेरच्या माणसांवर किती, ते आकडे बघा. मग पॅन्ट्रीत धान्य घेणाऱ्यांपैकी कुणी समितीवर आहे का, ते विचारा. असेल तर ती मंडळी धरा, मग तिथलं गायन बेसूर असलं तरी चालेल.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. हे चर्च समलिंगी जोडप्यांची लग्नं लावतं, २००३ पासून उघडपणे समलिंगी असलेले बिशपही आहेत. तिकडच्या मंडळीतून येणाऱ्या काहींना हे जड जातं. मला गेलं नाही, पण तुमचं तुम्ही बघा.

राजकारणही टाळता येत नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या आफ्रिकानर लोकांना निर्वासित म्हणून वसवायला सांगितलं. बाकीचे निर्वासित रखडलेले असताना हे करणार नाही, असं म्हणून चर्चने निर्वासित वसवण्याचा जवळपास चार दशकांचा सरकारी करारच संपवायचं ठरवलं. मला निर्णय योग्य वाटला. त्याची किंमत मात्र मोठी आहे: सरकारी निधी गेला की त्यावर चालणारं निर्वासितांचं कामही जातं. न्याय आणि मदत यांचं असं भांडण लागतं तेव्हा कॉफीच्या वेळी आवाज चढतात.

आता व्हिसाचं. एच-४ वर विनामोबदला सेवा चालते, पण ज्या कामाला एरवी पगार देतात ते फुकट करणंही अडचणीचं ठरू शकतं. ऑफिस, पाळणाघर यांना हात लावण्याआधी वकिलाला विचारा. मानधन नको, गिफ्ट कार्डही नको. मुलांमध्ये काम करायचं असेल तर प्रशिक्षण आणि पार्श्वभूमीची तपासणी होते, त्यात अपमान मानू नका. घरी रांधलेलं पॅन्ट्रीत बहुधा घेत नाहीत, तेव्हा शंभर चपात्यांचा बेत सोडा. जेवायला आलेल्यांचे फोटो काढू नका.

आणि निवडणुकीच्या दिवसांत चर्चच्या दारात मतदार नोंदणीचं टेबल लागतं. कुणीतरी प्रेमाने फॉर्म पुढे करेल. तो नागरिकांसाठीच असतो. हसून नाही म्हणा, सही तर मुळीच करू नका. परक्या नागरिकाची एवढी एक सही पुढे ग्रीन कार्ड अडवू शकते, देशाबाहेरही काढू शकते.

येताना बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) दाखला, आणि पाळकांचं सभासदत्वाचं इंग्रजी पत्र आणा. पॅन्ट्री बहुधा आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी असते, त्या वेळी नोकरी नसलेली माणसं त्यांना हवीच असतात. उपनगरात घर घेणार असाल तर गाडी शिकून घ्या, नाहीतर कुणीतरी न्यायला येईल म्हणून वाट बघत बसावं लागेल.