वेगळं राहायचं म्हणजे काय?

बाप्तिस्मा घेऊन दोन महिने झाले आणि आता गल्लीतल्या दोस्तांकडे चहालाही जाऊ नको का, असं विचारतोस. जा की रे! आपल्याला जगातून काढून घे, असं येशूने मागितलंच नाही. बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायात त्याने पित्याकडे एवढंच मागितलंय, की यांना दुष्टापासून राख.

बायबलातल्या लेवीय पुस्तकाचा 19वा अध्याय सावकाश वाच. ‘पवित्र व्हा’, म्हणजे देवासाठी वेगळे व्हा, ही आज्ञा दुसऱ्या वचनात आहे, आणि पुढे? शेताच्या कडेचं पीक गरिबाला ठेवा, मजुराची मजुरी रात्रभर अडवू नका, तराजू खरा ठेवा. पावित्र्य तिथं आहे, बाबा. नुसतं रविवारच्या पांढऱ्या सदऱ्यात नाही.

तरुणपणी मी निपाणीला तंबाखूच्या वखारीत होतो. वजन वाढावं म्हणून संध्याकाळी पोत्यांवर पाणी शिंपडायला सांगायचे. कितीतरी दिवस मी शिंपडलं आणि रविवारी उपासनेत मोठ्यानं गायलो. एके दिवशी हात थांबला. बादली खाली ठेवली, काम गेलं. घरी चूल कशी पेटली ते तुझ्या काकूला विचार.

दारू, शिवीगाळ सोडलीस, चांगलं झालं. आता दुकानातली कच्ची वही, पक्क्या हिशेबात न दाखवलेल्या व्यवहारांची, ती काढ. उद्या सकाळी प्रार्थनेनंतर दोघं मिळून बघू.