सर्व्हेला ५,००० उत्तरं आली, तरी सॅम्पल एकांगी आहे हे कसं ओळखायचं?

आकड्याला भुलू नका. १९३६ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने लोकांचा कौल घ्यायला जवळपास १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. २३ लाखांच्या आसपास परत आल्या. त्यावरून रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार लँडन जिंकणार असं छापलं, आणि लँडनना ४८ पैकी जेमतेम २ राज्यं मिळाली! पत्ते घेतले होते मुख्यतः टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीत फोन आणि गाडी कोणाकडे असणार? शिवाय तीन-चतुर्थांश लोकांनी उत्तरच दिलं नव्हतं.

शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण वरचं शीत कच्चं आणि तळ करपलेला असेल तर नाही.

म्हणून आधी विचारा: नावांची यादी आली कुठून, आणि तिच्यात कोण येऊच शकत नाही? मंगळवारी सकाळी ११ वाजता सोसायटीत बेल वाजवली, तर दार उघडणार आजी-आजोबा किंवा गृहिणी. नोकरदार माणूस तुमच्या एक्सेलमध्ये दिसणारच नाही. गूगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला की मित्रांचे मित्रच भरतात.

मग तुमच्या आकड्यांशेजारी जनगणनेचे आकडे ठेवा. २०११ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५५ टक्के लोक ग्रामीण भागात होते. राज्याबद्दल बोलताय आणि तुमच्याकडे ८ टक्केच ग्रामीण आहेत? मग उत्तर मिळालंच. फक्त वय-लिंग जुळलं म्हणून निर्धास्त होऊ नका, शिक्षणही बघा.

आणखी एक युक्ती: लगेच उत्तर देणारे आणि तीनदा आठवण केल्यावर देणारे वेगळे काढून बघा. दोघांची उत्तरं बरीच वेगळी असतील, तर न बोललेले लोक आणखीच वेगळे असण्याची शक्यता दाट.