नोटीस आली म्हणजे घर गेले का?

"वकिलाची नोटीस आली, आता घर सोडावेच लागेल का?" हा प्रश्न पुण्याच्या पेठांतून माझ्याकडे वारंवार येतो. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत राहणाऱ्या सत्तरीच्या काकूंनी तो विचारला, तेव्हा त्यांची झोप उडाली होती आणि माळ्यावरची भांडी पोत्यात भरून झाली होती. भाडेकरू म्हणून नाव दिवंगत यजमानांचे होते. वाडा विकत घेणाऱ्या नव्या मालकाने भाडे घेणेच थांबवले आणि पुढे थकबाकी दाखवून तीस दिवसांत जागा खाली करण्याची नोटीस धाडली. मालकाचा माणूस जागा सोडण्याच्या सहीसाठी स्टॅम्पपेपर घेऊन घरी येऊन गेला होता, आणि परगावचा मुलगा "कटकट नको, सही करून टाक" म्हणत होता.

मी त्यांना पिशवीतले कागद टेबलावर मांडायला सांगितले. जुन्या भाडेपावत्या, वीजबिले, रेशनकार्ड, आणि "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आलेल्या मनीऑर्डरी. या मनीऑर्डरी त्या टाकून देणार होत्या. माझ्या मते पिशवीतला सर्वांत मोलाचा कागद तोच होता, कारण भाडे पाठवूनही मालकाने ते घेतले नाही याचा तो पुरावा होता.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्याबरोबर राहणारी कुटुंबातील व्यक्ती भाडेकरू ठरू शकते. थकबाकीसाठी मालकाला आधी लेखी मागणी करून नव्वद दिवस थांबावे लागते, आणि दावा दाखल झाल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकलेली रक्कम 15 टक्के सरळव्याजाने आणि दाव्याच्या खर्चासह न्यायालयात भरली, तर त्या कारणावरून घर जात नाही. मालकाला जागेची खरी गरज असली, तरी जास्त त्रास कोणाला होईल हे न्यायालय तोलून पाहते. न्यायालयाच्या हुकूमनाम्याशिवाय कुलूप लावणे किंवा पाणी-वीज तोडणे बेकायदेशीर आहे, आणि जबरदस्तीने बाहेर काढल्यास विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या (स्पेसिफिक रिलीफ अॅक्ट) कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनी मात्र हे स्वतःला लावून घेऊ नये. मुदत संपल्यावरही जागा न सोडल्यास त्यांच्याकडून दुप्पट शुल्क वसूल होऊ शकते.

मुलाचा सल्ला काळजीपोटी आलेला होता हे मला मान्य आहे, पण सही त्याची लागणार नव्हती आणि घरही त्याचे जाणार नव्हते. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणून काकूंना मी शिवाजीनगरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवले. तिथल्या वकिलांनी नोटिशीला उत्तर दिले. मनीऑर्डरी चालूच ठेवायला सांगितले. मालकाचा माणूस पुन्हा आला, तेव्हा काकूंनी दारातूनच सांगितले, "जे काही असेल ते लेखी द्या."

आता मालक नव्या इमारतीत सदनिका देण्याची भाषा करतो आहे. काकूंची ना नाही. क्षेत्रफळ, ताब्याची तारीख आणि मधल्या काळात दुसरीकडे राहण्यासाठी मालकाने द्यायचे भाडे नोंदणीकृत करारात आल्याशिवाय किल्ली द्यायची नाही, एवढे त्यांनी ठरवले आहे.